नजर धुणारं पाणी

म्हाळसाबाईंच्या अंगणात त्या मंगळवारी अडतीस बाया आणि अकरा बाप्ये होते. मी मोजले. सोयाबीन काढणीला आलं होतं, कामं सगळ्यांनाच होती. पण दोन महिन्यांच्या बाळाच्या अंगातली नजर डोळ्यांनी दिसते म्हटल्यावर सोयाबीनला कोण विचारतो?

पाटावर योगीराज महाराज बसले होते. पोखर्णीच्या बाजूनं आलेले, दाढी काळी, केस पांढरे. रंग बहुधा अर्ध्यावर संपला असावा. बाळाच्या अंगाला त्यांनी हळद-बेसन चोळलं, पितळी कळशीतलं मंतरलेलं पाणी बारीक धारेनं ओतलं, आणि परातीत पडणारं पाणी लालभडक झालं.

"रक्त हाय हे," महाराज म्हणाले. "जळक्या डोळ्याचं रक्त."

बाळ किंचाळत होतं. ते धाकट्या सुनेचं, राजेश्रीचं. अंगावर पुरळ उठलं म्हणून हा उपाय सुरू झाला. पहिल्या मंगळवारी पाठीवर सात पुळ्या होत्या. आज तिसऱ्या मंगळवारी पाठ सोललेल्या टमाट्यासारखी दिसत होती. महाराजांच्या मते आतली नजर वर येत होती. म्हणजे पुरळ गेलं तर महाराजांचा गुण, वाढलं तरी त्यांचाच.

मग त्यांनी डोळे मिटून विचारलं, बाळाचे कपडे रोज कोणाच्या हातात असतात? एकोणपन्नास माना मोरीकडे वळल्या. तिथं थोरली सून शालू लंगोट धूत बसली होती.

शालूला दोन पोरी. तिच्या बाळंतपणात घरात डिंकाचा खडा आला नव्हता, राजेश्रीच्या वेळी लाडवांचे डबे भरले. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण शालूनंच ते घरोघरी सांगितलं होतं. त्यामुळे महाराजांना फार अंतर्ज्ञान लागलं नाही.

म्हाळसाबाईंनी थोरल्या लेकाला, अंगदला, फर्मावलं की हिला आणि पोरींना आजच मानवतला माहेरी सोडून ये, परत आणू नको. अंगद मोटारसायकलची चावी शोधू लागला. बायकोसाठी तो इतक्या चपळाईनं कधी उठला नव्हता.

शालू ओल्या हातानं पुढं आली. एका हातात हळदीनं पिवळा झालेला लंगोट, दुसऱ्यात कपड्याच्या साबणाची वडी.

"आत्याबाई, मी जळते," ती म्हणाली. "लाडवावरून जळते, हिच्या लाडावरून जळते. लपवत न्हाई. पण हे बघा."

तिनं पिवळ्या डागावर साबण घासला. डाग लाल झाला. पाण्यात खळबळला, पुन्हा पिवळा झाला.

"दोन महिन्यांपासून रोज बघायले. साबणाला कोणाची नजर लागली, महाराज?"

महाराजांनी कळशी जवळ ओढली. गर्दीतून सुकेशनी सिस्टर पुढं आल्या. उपकेंद्रात बाळांना डोस देतात त्या. त्यांनी हापशाचं पाणी आणवलं आणि महाराजांना म्हणाल्या, ह्यात मंत्र टाका. मंत्र झाला, हळद कालवली, पाणी पिवळंच राहिलं. महाराज म्हणाले की हापशाला शिवाशीव झालेली आहे. तोवर शालूनं कळशी पालथी केली. तळाशी पांढरा गाळ.

तंबाखू मळणाऱ्या बायनाबाईंनी तो बोटावर घेतला. "चुना हाय की हा."

चुन्याचं पाणी रात्रभर ठेवलं की निवळ वर येते, दिसायला नितळ. हळदीला लागली की लाल. याच चुन्यानं कोवळं अंग भाजत होतं.

"आणि पहिल्या पुळ्या?" राजेश्रीनं विचारलं.

सिस्टरनी म्हाळसाबाईंकडे पाहिलं. अंगावरची लव जावी म्हणून त्या जन्मापासून रोज हळद घातलेला पिठाचा गोळा करकरून फिरवायच्या, वरून कडक साबण. प्रेमानंच. सिस्टर म्हणाल्या की लव आपली आपण गळते, कातडी मात्र परत लवकर येत नाही. कोमट पाणी, हाताचं कोपर बुडवून पाहिलेलं. साबण सौम्य आणि थोडा. मानेच्या, जांघेच्या घड्या मऊ फडक्यानं टिपायच्या, घासायच्या नाहीत. "आणि आत्ता ह्याला साध्या पाण्यानं धुवा, मग माझ्यासोबत परभणीला डॉक्टरकडं चला."

एवढ्या बोलण्यात महाराज कधी गेले, हे एकोणपन्नासांपैकी एकालाही कळलं नाही.

बाबांनो, हेवा कोणाच्या घरी नसतो? तो मनात असतो, बोलण्यात उतरतो, कधी भांडणात फुटतो. तो बाळाच्या कातडीत शिरत नाही आणि पाण्याचा रंग बदलत नाही. लाल पाणी दिसलं तर आधी कळशीचा तळ बघा, सून नंतर बघा.

राजेश्रीनं रडतं बाळ उचललं आणि शालूसमोर धरलं.

शालू मागं सरली. "मी अजून जळायले, राजेश्री. सांगून ठेवते."

"जळा, अक्का," राजेश्री म्हणाली. "पाणी तेवढं कोमट बघून घ्या."