बाळोत्यांची मशीन

"झाकन नको लावू गो, बघू दे मला," आई म्हणाल्या.

आमच्या जुन्या मशीनमध्ये पांढरे कपडे गरगर फिरत होते आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर पहारा देत होत्या. घट बसायच्या आधी घरातली चादर न चादर, गोधडी न गोधडी धुवून निघते, ही आमच्याकडची रीत. त्यातच आदल्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने, रितेशने, कल्याणहून कुणाची तरी वापरलेली फुल ऑटोमॅटिक आणली होती. हट्ट माझाच. दोन्ही मशीन वरूनच उघडणाऱ्या, पण मोरीत जागा एकीचीच. जुनीसाठी भंगारवाला दुपारी यायचा होता.

"आधी दोघींचं धुनं बघू," आईंनी सकाळीच फर्मावलं होतं. "माझी हरली तर जाईल घरातनं."

नवीने सुरुवात झोकात केली. बटण दाबलं, गाणं वाजलं, पाणी चढू लागलं. मध्येच नळ गेला आणि ती टीं टीं करत अडून बसली. तानसा धरण एवढं जवळ, पण आमच्या नळाला पाणी जेमतेम. मी पिंपातल्या बादल्या ओतल्या. धुणं झालं आणि बाईसाहेबांनी साबणाचं सगळं पाणी भसाभसा मोरीत सोडून दिलं. दूध उतू गेल्यासारखा आईंचा चेहरा झाला.

"एकदाच वापरून सांडते? कुठल्या खानदानातली गो ही?"

जुनीत त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी निघत.

पण गोधडीपाशी जुनी हरली. पिळायच्या डब्यात ती मावेना. कोंबली तर मशीन धाडधाड नाचत भिंतीपर्यंत गेली. तीच गोधडी नवीने अशी पिळली की थेंब गळेना. आईंनी ती दोन्ही हातांनी दाबून पाहिली. असल्याच गोधड्या पिळून पिळून त्यांची मनगटं कामातून गेली आहेत.

"पिळते मात्र झकास," त्या हळूच म्हणाल्या. "हरली माझी."

मी जिंकले होते, पण आनंद काही होईना.

तेवढ्यात शेजारची बाईजा घमेलं घेऊन आली. तिची लेक अपेक्षा बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळाची बाळोती रोज आमच्या मशीनला लागत. पाड्यातल्या कुठल्याही घरी बाळ आलं की त्याची बाळोती आमच्या मोरीत. पाड्यातली पहिली मशीन आईंनी आणली तेव्हापासूनचा हा रिवाज, आणि त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

बाईजा नवी मशीन बघून दारातच बिचकली. "हिला लावायची काय आता? चार फडक्यांना येवढं पानी..."

आई काही बोलायच्या आत बाहेर टेम्पो वाजला. भंगारवाला आत आला आणि त्याने जुन्या मशीनच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केली.

"हात काढ," आई म्हणाल्या. "आख्ख्या पाड्याची पोरं कोरडी निजलीत हिच्या जिवावर. तोडायला नाय जानार ही."

"पण आई, तुम्हीच म्हणालात ना, हरली तर..."

"घरातनं जाईल म्हनलं. भंगारात नाय." त्या बाईजाकडे वळल्या. "घमेलं ठेव खाली. धर त्या बाजूनं."

"मला? नको बाय, तुमची हौसेची..."

"आता तुझ्याकडं. कुनाघरी बाळ आलं की नाय म्हनायचं नाय, येवढंच."

बाईजाने डोळ्यांना पदर लावला. टेम्पोकडे निघालेला भंगारवाला परत फिरला आणि न सांगता एका कोपऱ्याला हात लावला. मीही धरलं. पुढे आई चालल्या होत्या, नवरी सासरी पोहोचवायला निघाल्यासारख्या. ह्या घरची सून असल्याचा इतका अभिमान मला लग्नाच्या मांडवातही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी मशीन सुरू करून आम्ही ओट्यावर आलो. कुंपणापलीकडून ओळखीची खडखड ऐकू आली.

"चालू झाली," आई म्हणाल्या.

थोड्या वेळाने बाईजाच्या दोरीवर बाळोती चढू लागली. आमची नवी मशीन गाणं म्हणून थांबली, पण आई हलल्या नाहीत. शेवटचं बाळोतं दोरीवर चढेपर्यंत त्या ताठ उभ्या होत्या.