पेजेवर जगलेला रायबोझोम

मित्रांनो, मी एक जुना रायबोझोम आहे. जुना म्हणजे सहा दिवसांचा. आमच्यात एवढं वय पुष्कळ झालं. कंग्राळी गावच्या माधवी टीचरच्या यकृतातल्या एका पेशीत मी राहतो. माझी काही भावंडं पेशीद्रवात मोकळी हिंडतात. मी मात्र आंतर्द्रव्यजालिकेच्या भिंतीला चिकटून असतो, कारण माझा माल पेशीबाहेर, रक्तात जायचा असतो. केंद्रकातून निरोप येतो, त्यात सांगितलेल्या क्रमाने मी अमिनो आम्लं मण्यांसारखी ओवतो आणि प्रथिन तयार होतं. रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवणारं अल्ब्युमिन मी करतो.

करायचो म्हणा! पुढे ओवायला मणीच येईनासे झाले.

तीन महिन्यांपूर्वी टीचरना कावीळ झाली, असं माझ्या आधीचे जुने सांगायचे. ती कधीच उतरली, पण सासूबाईंचं, जयाबाईंचं पथ्य काही संपेना. तांदळाची पेज आणि उसाचा रस, बस्स. "डाळ जड हाय, दूध पित्त करतंय. लिव्हरला इसावा दे बाय," असं त्या मायेने सांगायच्या. विसावा? कामगाराचा कच्चा माल अडवायचा आणि वर त्याला विसावा म्हणायचं! डॉक्टरांनी डाळ बंद करायला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

अल्ब्युमिन घटलं तसं रक्तातलं पाणी बाहेर झिरपलं. पाय सुजले, चेहरा फुगला. शेजारच्या शालनआक्का म्हणाल्या, "अंग धरलीयास की गं माधवी! पथ्य लागू पडलं बघ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इकडे भुकेली पेशी आमच्यातल्याच जुन्यांना मोडून त्यांच्यातून मणी काढते आहे. माझा शेजारी परवाच गेला.

आणि सगळ्यात जास्त राग आला तो टीचरचाच. विज्ञान शिकवतात त्या! काल नववीच्या वर्गात फळ्यावर पेशी काढली, जालिकेवर ठिपके दिले, "हे रायबोझोम, प्रथिनांचे कारखाने," असं ठणकावून सांगितलं. आणि डब्यात काय? पेज!

तेवढ्यात दिव्या नावाची मुलगी उठली. "टीचर, ती आम्लं आलीच न्हाईत तर ह्यो ठिपका काय करतोय?"

"नुसता बसून राहतो," टीचर म्हणाल्या. "मग शरीर सुजतं. आधी पाय..."

वाकून त्यांनी स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो लवकर भरून येईना.

दुपारी त्या मुलींच्या पंगतीत बसल्या आणि शाळेचं सांबार दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी त्यांनी जयाबाईंना पाय दाखवला. जयाबाईंनी स्वतः दाबून पाहिलं.

"म्या तुला उपाशी ठिवलं व्हय गं?" एवढंच म्हणून त्यांनी डाळ शिजत घातली. आज दोघी डॉक्टरांकडे गेल्या आहेत.

मणी आता येऊ लागले आहेत. पण मोडायच्या रांगेत माझा नंबर आधीच लागला आहे. राग गिळून गोड बोलायला मला जमत नाही, मित्रांनो. वहीत माझं चित्र काढाल, मार्क मिळवाल. पण घरातल्या आजारी माणसाच्या ताटात डोकावून बघा, आणि काय बंद करायचं ते डॉक्टरांना विचारा.

माझ्याकडे एक अल्ब्युमिन अर्धंच ओवून पडलं आहे. ते पुरं झाल्याशिवाय मी ही भिंत सोडणार नाही.