मैनाबाईचं सिबिल

मोरोपंतांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि चष्मा कपाळावर सारला.

"मैनाबाई, हे काय आणलंत?"

"सिव्हिलचा दाखला. तुमीच तं म्हटलं होतं ना काकाजी, सिव्हिल आना, मंग खोली देतो."

कागदावर सरकारी दवाखान्याचा गोल शिक्का होता. रक्तदाब ठीक, साखर ठीक, संसर्गजन्य रोग नाही. दोन दिवस रांगेत उभं राहून तिने तो मिळवला होता, आणि ते दोन्ही दिवस शाळेतली खिचडी तिच्या जोडीदारणीने एकटीने रांधली होती. मोरोपंतांना हसू आवरेना. हसता हसता त्यांना ठसका लागला. एवढ्या चांगल्या शिक्क्यात हसण्यासारखं काय आहे, ते मैनाबाईला कळेना.

"अहो, सिव्हिल नाही, सिबिल. घेतलेलं कर्ज माणूस फेडतो की बुडवतो, त्याचे मार्क असतात."

कोर्टात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेल्या मोरोपंतांना तरी ते कुठे ठाऊक होतं? पुण्याच्या लेकीने, अनुपमाने, फोनवर बजावलं होतं, सिबिल पाहिल्याशिवाय भाडेकरू ठेवायचा नाही, म्हणून कळलं.

"पन भाडं मी कुठं देनार आहे? महापालिका देनार. सीधं तुमच्या खात्यात."

तेही खरं होतं. जुन्या शहरातली तिची खोली रस्ता रुंद करताना गेली. नवं घर मिळेपर्यंत दोन वर्षांचं भाडं महापालिका घरमालकाला परस्पर देणार, असं पत्र तिच्याकडे होतं. फक्त महिन्याच्या आत घर ठरवायचं, नाहीतर पत्र रद्द. पाच घरमालकांनी पत्र पाहूनच नाक मुरडलं होतं. आता चार दिवस उरले होते आणि बिऱ्हाड भाचीच्या ओसरीवर पडून होतं.

"तरी आणा," मोरोपंत ओशाळून म्हणाले. "लेकीला दाखवायला."

ऑनलाइन सेंटरवरच्या आकांक्षाने पॅनकार्ड घेतलं, मोबाइलवर आलेला आकडा विचारून टाकला आणि स्क्रीन दोनदा वाचली.

"मावशी, तुमचा स्कोअर लय कमी आहे. शिलाई मशीनचं लोन घेतलं होतं का?"

"घेतलं होतं. मंग आमच्या मानसाचं दुखनं निघालं, हप्ते राह्यले. पन मी सेटल केलं ना बाई. कानातले मोडून."

पोरगा सेटल झाला की लोक पेढे वाटतात. मैनाबाईनेही त्या दिवशी गल्लीत साखर वाटली होती. 'सेटल' लिहिलेला तो कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपला होता.

"सेटल म्हंजे पुरं फेडलं नाही, मावशी. जेवढे देले तेवढे घेऊन बँकेनं बाकीचे सोडून देले. तेच लिवलं आहे इथं."



"सोडून देले? मी कुठं म्हटलं होतं सोडा? सांगतलं असतं तं तेही देले असते."

खोली जाणार याचं दुःख होतंच. पण सहा वर्षं आपण ताठ मानेने हिंडलो आणि तिकडे आपलं नाव बुडव्यांच्या यादीत पडून होतं, हे तिच्या जिवाला फार लागलं.

तिने स्कोअरचा कागद मोरोपंतांपुढे ठेवला. लपवाछपवी तिला येत नव्हती.

"मी नापास आहे काकाजी. खोली राहू द्या. पन राह्यलेले पैसे भराचे आहे, अन् मले बँकेत बोलता येत नाही. तुमी कोर्टातले मानूस. माह्यासंगं येता का?"

मोरोपंत नाही म्हणू शकले असते. त्यांनी काठी घेतली.

बँकेतल्या साहेबाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "बाई, हे खातं केव्हाच बंद झालं. वर लिहून विचारतो, पण आज पैसे घेता येणार नाहीत."

मैनाबाईने रुमालाची पुरचुंडी खिडकीतून आत सरकवली. नव्या खोलीच्या डिपॉझिटसाठी जमवलेले साडेचार हजार होते ते.

"घ्या ना साहेब. पावती नका देऊ पायजे तं."

साहेबाने पुरचुंडी हळूच बाहेर सरकवली. तिने पुन्हा आत सरकवली. मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा मोरोपंतांनीच ती उचलून तिच्या हातात दिली. कोर्टात उभा जन्म त्यांनी पैसे चुकवणारी माणसं पाहिली होती. द्यायला हट्ट धरणारं माणूस पाहायला पंचाहत्तरी उलटावी लागली.

बाहेर ऑटो मिळाला.

"आधी कोर्टाकडे घे," मोरोपंत ऑटोवाल्याला म्हणाले. "भाडेकराराचा स्टँपपेपर घ्यायचा आहे." मग मैनाबाईकडे न पाहता म्हणाले, "उद्या सामान आणा. अनुपमाशी मी बोलतो."

मैनाबाईने मान हलवली. डोळे भरून आले होते, ते तिने पदराने पुसले. मांडीवरच्या रुमालाची गाठ सोडली, परत बांधली.

"पन काकाजी," ती म्हणाली, "मंग हे पैसे आता कोनाचे?"