वरचा कप्पा

मित्रांनो, मी एका स्वयंपाकघरातला जुना फ्रीज आहे आणि मला औषधाच्या एका खोक्याचा फार हेवा वाटतो. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळे होईल.

कारखान्यातून मी या घरात आलो, तेव्हा माझा थाट काय वर्णावा! आई मला रोज पुसायची, थोरली ताई दारावर चित्रे चिकटवायची, पाहुणे माझ्या बर्फाचे कौतुक करायचे. मग छकुली झाली. ती चालू लागली, पण लगेच दमायची. माझे दार तिला दोन्ही हातांनी ओढूनही उघडत नसे. तिला स्नायूंचा दुर्मीळ आजार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. औषध होते, पण घरदार विकले तरी परवडणारे नव्हते. बाबांनी कार्यालयांत खेटे घातले, तेव्हा कुठे ते सरकारी निधीतून मिळू लागले.

आणि ते खोके माझ्याच पोटात आले! अख्खा वरचा कप्पा त्याला. दूध खाली गेले, लिंबे दारात, अंडी तर बाहेरच. शेजारी एक थर्मामीटर ठेवला होता. आई सारखी तो बघायची, माझ्याकडे ढुंकूनही नाही. दार जरा उघडे राहिले की ताईला ओरडा बसायचा. दवाखान्यात जाताना बाबा ते खोके थंड पिशवीत घालून छातीशी धरून न्यायचे. गारवा माझा आणि मान त्याचा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दिवशी छकुलीने माझे दार एका हाताने उघडले, पाणी घेतले आणि पायाने दार ढकलून निघून गेली. आई तिथेच खुर्चीत बसून रडली. सगळे श्रेय अर्थातच खोक्याला. दार कोणाचे, हे कोणी विचारलेही नाही.

मग निधी संपला. एका मुलासाठी ठरवून दिलेली रक्कम खर्च झाली. पुढचा निर्णय वरून यायचा आहे, असे बाबांना कार्यालयाच्या प्रत्येक खिडकीवर सांगतात. कप्पा रिकामा झाला. मला वाटले, आता पुन्हा माझे राज्य. ताईने तिथे दुधाचे पातेले ठेवले, तर आईने ते उचलले.

"तिथं काही ठेवू नकोस गं," ती म्हणाली. "ती जागा त्याची आहे."

रिकाम्या जागेचाही हेवा वाटतो, हे मला तेव्हा कळले.

काल छकुलीने दार ओढले. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी.

"ताई, उघडून दे ना. दार घट्ट झालंय."

मित्रांनो, मी होतो तसाच आहे. वाटते, दाराचे रबर सैल सोडावे, म्हणजे तिला सहज उघडता येईल. पण मग गारवा टिकणार नाही, आणि खोके परत आले तर ठेवायचे कुठे? म्हणून मी दार गच्च मिटून उभा आहे.

तुमच्या घरातले कोणी अशा खिडकीमागे बसत असेल, तर त्यांना एवढे सांगा, की औषध मध्येच थांबवू नका. ते खोके येऊ द्या. मी रोज त्याचा हेवा करीन आणि त्याला नीट गार ठेवीन.