आजीचा चेहरा

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं, गरगरत भिंतीपर्यंत गेलं आणि तिथे टेकलं. म्हणजे लेक उठली. दुपारचा माझा हक्काचा वेळ संपला.

रुग्णालयातल्या मदतनिसांच्या भरती परीक्षेसाठी मी घरी बसून कार्टूनचे छोटे व्हिडिओ बनवते. आधी तिथे नुसता मजकूर असायचा : वृद्ध महिला रुग्ण जेवत नाही, तुम्ही काय कराल? खाली चार पर्याय. आता तीच म्हातारी पडद्यावर ताट बाजूला सारते.

या परीक्षेत माझी नणंद दोनदा नापास झालीय. स्वतःच्या आजारी सासूचं सगळं तिनेच केलं, पण वाचायला बसली की अक्षरांत अडकते. "माझं वाचून होईपर्यंत तो पेशंट बरा होऊन घरी जातो गं," म्हणते. यंदा व्हिडिओ आहे म्हटल्यावर तिच्या जिवात जीव आलाय. आमच्याकडे आली की स्वतःच लॅपटॉपकडे पाठ करून बसते.

"दाखवू नकोस हं, वहिनी. पास झाले तर माझी मी होऊ दे."

सकाळी परीक्षेचं काम बघणाऱ्या साहेबांचा फोन आला. सरावाला बसवलेल्या बहुतेकांनी बरोबर उत्तर दिलं म्हणे. म्हातारीचा चेहराच उत्तर फोडतोय. लेखी प्रश्नात चेहरा नव्हता, मग इथेही तो कोरा हवा. नाहीतर आधीची लेखी आणि आताची ही, दोन्ही परीक्षा सारख्या कशा म्हणायच्या? मी म्हटलं, खऱ्या माणसाला चेहरा असतोच की. ते हसले, पटतंय म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत पाठवा म्हणाले. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

दुपारी लेक झोपल्यावर मी कामाला लागले. म्हातारीचा गालाशी गेलेला हात खाली घेतला. एका बाजूला ओढलेला ओठ सरळ केला. कपाळाची आठी पुसली. नणंदेला आधीच्या चेहऱ्यावरून एका नजरेत कळलं असतं: आधी हिचं तोंड उघडून बघा, मग जेवणाचं बोला. आता पडद्यावर एक बाई होती, आणि तिला जेवायचं नव्हतं. बस्स.

लेक झाकण घेऊन आली आणि मांडीवर चढली. ही आजी तिने सकाळी पाहिली होती. दात दुखतोय तिचा, असं तिनेच मला सांगितलं होतं. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"आई, आजीचं दुखायचं थांबलं का?"