नाव रंगारी, नोंद नाही

मी एक जुनं नाव आहे. हो मित्रांनो, नाव! खुर्चीनं, छत्रीनं, शाळेच्या घंटेनं तुम्हाला आपापली कहाणी सांगून झाली असेल. नावाला मात्र कोणी विचारत नाही, म्हणून म्हटलं आज आपणच तोंड उघडावं.

मला हात नाहीत, पाय नाहीत. मला वाळवी लागत नाही की गंज चढत नाही. मी राहतो माणसांच्या तोंडात. कोणी हाक मारली की मी जागा होतो आणि हाक संपली की डुलकी घेतो. हाक मारणारं कोणी उरलंच नाही, तर माझं काय होतं ते पुढे सांगतो. माझं नाव रंगारी. कापडाला रंग देतो तो रंगारी, इतका साधा माझा अर्थ. राजाचं नाही, फुलाचं नाही, ताऱ्याचं नाही, मी कामाचं नाव आहे. पण म्हणून मला कमी समजू नका हं!

माझा जन्म नदीकाठच्या एका गल्लीत झाला. तिथे सगळी रंगाऱ्यांची घरं होती. प्रत्येक अंगणात निळीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असत. त्यांचा वास असा, की पाहुणे नाकाला रुमाल लावून येत आणि लवकर जात. पण गंमत बघण्यासारखी होती. रांजणातून वर काढलेलं कापड आधी हिरवट-पिवळं दिसायचं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जायचं.

त्या गल्लीतल्या एका रंगाऱ्याला पहिली मुलगी झाली. सुईणीनं आतून ओरडून सांगितलं, तसा हा बाबा हातातलं कापड तिथेच टाकून आत धावला. हात धुवायचं भानच राहिलं नाही. त्यानं बाळाला उचललं, छातीशी धरलं, मनसोक्त बघितलं आणि खाली ठेवलं. बघतो तर काय, बाळाच्या पाठीवर निळीशार बोटं उमटलेली!

बाळंतिणीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मुलगी आहे ती, चादर नव्हे!"

सुईणीनं दोनदा अंघोळ घातली, तरी बोटं हटेनात. शेजारणी बाळ बघायला आल्या आणि हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. "अगं बाई, ही तर आत्तापासूनच रंगारी!" असं त्या म्हणाल्या, आणि झालो की मी! आईनं दुसरंच काहीतरी नाजूक नाव शोधून ठेवलं होतं. ते बिचारं तसंच राहून गेलं. आठ-दहा दिवसांत पाठीवरची बोटं पुसट झाली, मी मात्र तिला कायमचा चिकटलो.

सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. "रंगारी हे काय नाव झालं? उद्या मुलाचं नाव हमाल ठेवाल!" असं म्हणत. मुलीनं कोणाला उलट उत्तर दिलं नाही. ती बापाच्या हाताखाली काम शिकली. कोणत्या रांजणात आज कापड बुडवायचं आणि कोणत्याला अजून दोन दिवस द्यायचे, हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. तिनं रंगवलेलं कापड वर्षभर धोपटलं तरी पाण्याला रंग सुटत नसे. लोक बाजारात विचारू लागले, "हे रंगारीचं आहे ना? मग द्या." तेव्हा माझी छाती कशी फुगली म्हणून सांगू! छाती नसली म्हणून काय झालं?

त्याच गल्लीत एक बाई होती. तिची दोन बाळं जन्मून गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा ती तिला पदराखाली घेऊन रंगारीच्या दारात आली. म्हणाली, "तुझं नाव हिला ठेवू का गं? तुझा रंग टिकतो. माझी पोरही टिकू दे."

ती पोर टिकली. चांगली धष्टपुष्ट झाली आणि आईला ओरडून ओरडून हैराण करू लागली. मित्रांनो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी त्यात काहीच केलं नव्हतं. नावानं कोणी जगत नसतं. पण सगळं श्रेय मला मिळालं आणि मीही ते गुपचूप घेतलं.

मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या घरी मी. मुलगा असो, मुलगी असो, नाव रंगारी. नदीपलीकडच्या सावकाराच्या घरातसुद्धा पाळण्यात मीच. एका वर्षी तर शाळेतल्या एकाच वर्गात मी चार ठिकाणी बसलो होतो. मास्तरांनी "रंगारी!" म्हटलं की चार डोकी वर व्हायची. शेवटी वैतागून त्यांनी मोठी रंगारी, बुटकी रंगारी, दातपडकी रंगारी आणि मुलग्यांतला रंगारी अशी वाटणी केली. मला वाटायचं, हे असंच चालणार.

पण दिवस बदलले. पुडीतला रंग आला आणि छापील कापडाचे तागे आले. स्वस्त, झगझगीत आणि दर महिन्याला नवं. पक्क्या रंगासाठी कोण थांबतंय? एकेक रांजण मातीनं बुजवला गेला. गल्लीत आधी गोदामं झाली, मग दुकानं, मग गाड्या लावायला जागा. कामच गेलं, तसं कामाचं नावही उतरणीला लागलं. शाळेत पोरं ओरडू लागली, "ए रंगारी, आमची भिंत दे रंगवून!" मुलग्यांतला रंगारी मोठा साहेब झाला आणि त्यानं वकिलाकडे जाऊन मला काढूनच टाकलं. मला फार लागलं ते. आम्ही दोघं एका ताटात जेवल्यासारखे वाढलो होतो हो!

घरोघरचे रंगारी एकेक करून संपले. मोठी रंगारी गेली. दातपडकी रंगारी परगावी गेली आणि तिकडेच वारली. उरली एकटी बुटकी रंगारी. आता माझा सगळा जीव तिच्यात.

ही बुटकी मोठी हुशार होती. गल्ली उठली तेव्हा ती रडत बसली नाही. तिनं दोऱ्यांच्या एका दुकानात नोकरी धरली. बायका साडीचा, झग्याचा नाहीतर परकराचा चिमूटभर तुकडा घेऊन यायच्या. ही तो तुकडा एकदा बघायची, मागे वळायची आणि चारशे रिळांतून नेमकं रीळ काढून द्यायची. दुसऱ्यांदा बघावं लागत नसे. पण तिथे तिला कोणी रंगारी म्हणत नव्हतं. ती सगळ्यांची 'दोरेवाल्या बाई' होती.

घरी तरी काय वेगळं? लग्न झाल्या दिवसापासून सासू म्हणायची "सूनबाई". नवरा म्हणायचा "अगं ए, ऐकलंस का?" पोरं झाली, ती म्हणायची "आई". शेजारी म्हणायचे "काकू". मग सून आली, नातू आला, नातसून आली. आता ती आजी. सगळे मायेनं बोलायचे, कोणी तिला दुखवलं नाही. पण मला बाहेर यायला फटच राहिली नाही. एक लहानपणीची मैत्रीण तेवढी रविवारी फोन करायची आणि पलीकडून ओरडायची, "रंगे, जिवंत आहेस का गं?" त्या एका हाकेवर मी आठवडाभर तग धरायचो. चार वर्षांपूर्वी ती मैत्रीण गेली. त्यानंतर मला कोणी एकदाही उच्चारलं नाही. मित्रांनो, नाव असं मरतं. त्याला आग लागत नाही की ते फुटत नाही. ते नुसतं राहून जातं.

मग आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेसाठी तिला नातसून दवाखान्यात घेऊन गेली. नातसुनेला स्वतःलाच सहावा महिना होता, तरी ती हट्टानं आली. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज पुढे ओढला. "पेशंटचं नाव?"

नातसून पेन तोंडात धरून उभी राहिली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आजेसासूचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तिनं नवऱ्याला फोन लावला. "अरे, आजींचं नाव काय?"

"आजी," नातू म्हणाला.

"अरे वेड्या, नाव! नाव काय?"

"थांब, बाबांना विचारून सांगतो."

बाकावर बसलेल्या आजीनं काठी आपटली. "त्याच्या बापाला कशाला विचारतेस? मी काय इथे नाही? लिही, रंगारी."

"आजी, धंदा नाही विचारला," कारकून म्हणाला. "नाव सांगा, नाव."

"नावच सांगतेय रे बाबा."

चार वर्षांनी मी हवेत आलो, तोही धंदा म्हणून! पण आलो तर खरा. मला वाटलं, आता परिचारिका मला मोठ्यानं पुकारेल. कसलं काय! तिनं आजीच्या मनगटाला नंबराची पट्टी बांधली आणि म्हणाली, "चला आजी."

संध्याकाळी घरी आल्यावर आजी डोळ्यावर पट्टी लावून खाटेवर पडली होती. नातसुनेला चैन पडेना. तिच्या फोनवर बाळांच्या नावांची यादी होती, रोज त्यातून ती एखादं निवडायची आणि रोज खोडायची. त्या दिवशी तिनं तिथे मला शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. "रंगारी. अर्थ, रंग देणारा. लोकप्रियता, नोंद नाही."

नोंद नाही! अरे, एका वर्गात चार होतो मी! मला इतका राग आला म्हणून सांगू. पण आजी हसली, आणि मग तिनं निळ्या बोटांपासून सगळी हकिगत सांगितली. मुलगा, नातू, नातसून तिघं ऐकत बसली.

"ठरलं!" नातसून म्हणाली. "मुलगा होवो नाहीतर मुलगी, नाव रंगारी."

"पोरं चिडवतील," आजीचा मुलगा म्हणाला. "आम्हाला हे माहीत होतं, म्हणून तर आम्ही हे नाव कधी बाहेर काढलं नाही."

"चिडवू देत. मी बघून घेईन एकेकाला."

नातूही मान हलवू लागला. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. पुन्हा पाळणा, पुन्हा शाळा, अजून सत्तर-ऐंशी वर्षांची निश्चिंती! मी मनातल्या मनात उड्या मारत होतो.

तेवढ्यात आजी म्हणाली, "बाळाला द्यायचं तर द्या, नाही तर नका देऊ. ते नंतरचं आहे. आधी मला कोणीतरी एकदा हाक मारा."



"आजी, असं कसं..." नातसून चाचरली. "तुम्ही एवढ्या मोठ्या. तुम्हाला नावानं कशी हाक मारायची?"

"मला नावानं हाक मारायच्या वयाचं आता कोणी उरलं नाही गं," आजी म्हणाली. "सगळे गेले. मग मी काय करू?"

मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी माझंच रडगाणं गात होतो. मला कोणी उच्चारत नाही, माझं कसं होणार, मी संपणार. पण माझ्याबरोबर एक माणूसही गप्प बसलं होतं. सून, आई, काकू, आजी ही नाती तिला सगळ्यांनी दिली होती. त्या सगळ्यांच्या आधी जी पोरगी होती, तिची चौकशी मीसुद्धा केली नव्हती.

नातसून उठून दारापर्यंत गेली. समोर उभं राहून तिला ते जमेना. दाराकडे तोंड करून तिनं हळूच हाक मारली, "रंगारी..."

आजी तशीच पडून राहिली. तिला सवयच राहिली नव्हती. मला वाटलं, झालं, आपण उशीर केला.

नातसुनेनं मागे वळून बघितलं. मग पोटावर हात ठेवून, खेळायला बोलवायला आल्यासारखी तिनं खणखणीत हाक दिली. "रंगारी! ए रंगारी!"

"ओ!" खाटेवरून आवाज आला. काय सांगू तुम्हाला, तो आजीचा आवाज नव्हताच. आजीचा मुलगा खिडकीकडे जाऊन डोळे पुसायला लागला आणि आजी त्यालाच ओरडली, "रडतोस काय, तूही मार की!" मग त्यानं मारली, नातवानं मारली, आणि ती प्रत्येकाला ओ देत गेली.

बाळाचं नाव काय ठेवलं ते मी सांगणार नाही. तो मान त्या बाळाचा आहे.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. आज घरी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्यांचं नाव विचारा. ते कसं पडलं, कोणी ठेवलं, लाडात काय म्हणायचे, सगळं विचारा. मग त्यांची परवानगी घेऊन त्यांना त्या नावानं एकदा हाक मारा. पहिल्या हाकेला ओ आली नाही, तर निघून जाऊ नका. पुन्हा मारा.