काचेआतली वाफ

ज्या घरात दोन-अडीच वर्षांचे मूल आहे, त्या घरात जेवणाची वेळ ही लढाईची वेळ असते, हे पालकांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. वाटीतला घास निवून जातो, मूल ओठ घट्ट मिटून बसते आणि मोठ्या माणसाचा धीर सुटतो. मग जो उपाय हाताशी सापडेल तो आपण करतो. त्या उपायाचे मोल पुढे कोण भरणार, याचा विचार त्या क्षणी कोणी करीत नाही.

असाच एक उपाय तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने शोधून काढला होता. तो चष्म्यांच्या दुकानात नोकरीस होता. दिवसभर काचा हाताळून त्याला अशी खोड जडली होती की, कोठेही धुरकट काच दिसली की हात आपोआप सदऱ्याच्या टोकाकडे जाई. पत्नी एका शाळेच्या कचेरीत काम करी. त्यांची एकुलती एक मुलगी अंगाने एवढीशी, म्हणून सारे तिला पिटुकली म्हणत.

तळमजल्यावर एक प्लंबर राहत असे. देहाने धिप्पाड, आवाज घोगरा आणि खांद्यावर अवजारांची भलीमोठी पिशवी. वरच्या बिऱ्हाडांत कामासाठी तो जिना चढू लागला की पिशवी खणखण वाजे. तो आवाज आला की गृहस्थ कान टवकारून म्हणे, "ऐकलंस? पिशवीवाला आला. रडणाऱ्या मुलांना पिशवीत घालून नेतो तो. गप खा बघू."

पिटुकलीचे रडणे जागच्या जागी थांबे. घास पोटात जाई. बापाला वाटे, काय रामबाण औषध सापडले!

गृहस्थाची थोरली बहीण लहान मुलांच्या रुग्णालयात परिचारिका होती. ती चार दिवस राहावयास आली असता तिने हा प्रकार पाहिला.

"अरे, पोरगी घास गिळतेय की भीती?"

"ताई, तुझं दवाखान्यातलं ज्ञान दवाखान्यातच राहू दे. आपल्याला नाही का आई घाबरवायची? काय बिघडलं आपलं?"

"तुझं काय बिघडलं ते सांगू? अजून जिन्यातला दिवा लावायला बायकोला पुढं धाडतोस."

पत्नीला हसू आवरेना. "वन्सं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"लहानपणी मला धाडायचा ना!" मग बहीण गंभीर झाली. "हे बघ, विस्तवाची भीती घाल, उघड्या खिडकीची घाल. ती खरी आहे. पण जिवंत माणसाची घालू नकोस. उद्या तोच माणूस हिच्या मदतीला धावला तर?"

"जेवली ना? मग झालं तर," असे म्हणून त्याने विषय मिटविला.

प्लंबरनेही एकदा जिन्यात त्याला हटकले होते. "साहेब, तुमची मुलगी मला बघितलं की भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटते. काय सांगता हो तिला?"

"काही नाही हो, आपली गंमत," गृहस्थ म्हणाला. प्लंबर हसला नाही.

पुढे बहीण पुन्हा राहावयास आली असता, एका सुट्टीच्या सकाळी पत्नी धुण्याचे कपडे गोळा करीत होती. न्हाणीघरात गोल काचेचे दार असलेले कपडे धुण्याचे यंत्र होते. त्याचे दार उघडे होते. पिटुकली खेळत खेळत न्हाणीघरात शिरली आणि तिने आतून कडी सरकविली. कडी मुलाच्या हाताला येईल इतकी खाली होती. घर घेतल्यापासून ती तशीच होती, आणि ती वर बसवावी असे आजवर कोणाला सुचले नव्हते.

प्रथम आतून खिदळणे ऐकू आले. "आई, मी कोंदले!"

आई दाराशी बसली. "हो का गं लबाडे! आता ती कडी तुझ्याकडे ओढ बघू. हळूच."

कडी कुरकुरत होती. अर्धीअधिक सरकलीही होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर पोरीने दार उघडलेही असते. परंतु गृहस्थाला तेवढा दम निघाला नाही. त्याने खाली धावत जाऊन प्लंबरला आणले. पिशवी खणखणत दाराशी आली, आणि पोरीने घाई करावी म्हणून बाप ओरडला, "उघड लवकर! बघ, पिशवीवाला आलाय!"

"साहेब, आत्ता तरी माझं नाव नका घेऊ," प्लंबर काकुळतीने म्हणाला.

पण शब्द सुटला तो सुटलाच. कडीचा आवाज थांबला. आत काहीतरी खुट्ट झाले, आणि मग काहीच ऐकू येईना. आईने हाका मारल्या, आत्याने मारल्या. हूं नाही की चूं नाही. प्लंबरने पहार घालून दार उचकटले. सारे आत घुसले आणि जागीच थिजले.

न्हाणीघर रिकामे होते!

खिडकी उंचावर, तिला गज. बादली रिकामी. दाराआड कोणी नाही. आई भिंतीला धरून खाली बसली. गृहस्थाला काय करावे सुचेना. त्याची दृष्टी यंत्राच्या गोल काचेवर गेली. मघा उघडे असलेले दार आता बंद होते आणि काच धुरकट दिसत होती. हात सवयीने सदऱ्याच्या टोकाकडे गेला. त्याने काच पुसली. काच स्वच्छ होईना. त्याने पुन्हा पुसली, आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

वाफ आतली होती.

त्याने दार हिसकून उघडले. पिटुकली पोटाशी पाय घेऊन आत बसली होती. केस घामाने निथळत होते, ओठ काळेनिळे पडले होते. आणि तिने आपले दोन्ही तळहात आपल्याच तोंडावर गच्च दाबून धरले होते.

आत्याने तिला उचलून खिडकीशी नेले, कपडे सैल केले, पाठीवरून हात फिरविला. हळूहळू श्वास मोकळा झाला, ओठांवर रंग आला. पोरीने डोळे उघडून बापाकडे पाहिले आणि अगदी हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "बाबा, मी ललले नाही."

त्या चार शब्दांनी बापाच्या काळजाचे पाणी पाणी झाले. प्लंबर जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. "माझ्या भीतीनं पोर जाणार होती," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"तुमच्या नाही," आत्या म्हणाली. मग ती भावाकडे वळली, पण तिचा आवाज चढला नाही. "लेकराजवळ दुसरं काय असतं रे? भूक लागली तरी रडणं, दुखलं तरी रडणं, कोंडलं गेलं तरी रडणं. हाक मारायला तेवढा एकच आवाज. तो तू काढून घेतलास. एक घास जावा म्हणून."



कडी दुसऱ्याच दिवशी उंच बसली. यंत्राचे दार काम झाले की लावून त्याला कुलूप लागू लागले. बापाने लेकीला मांडीवर घेऊन सांगितले, "बाबा खोटं बोलले. काका मुलांना नेत नाहीत." पण भीती घालावयास एक वाक्य पुरते, ती काढावयास पुरत नाही. पिटुकली पडली तरी रडेना. बोट चेमटले तरी हात तोंडाकडे जाई. पूर्वी ज्या शांततेसाठी बाप धडपडत असे, तीच शांतता आता त्याला खाऊ लागली.

प्लंबर मात्र काम नसतानाही येऊ लागला. दूर बसून तो पिशवी जमिनीवर पालथी करी. "हा पाना. ही नळाची तोटी. बघ, बाळ नाही यात." पोर आईच्या कडेवरून पाही. पुढे खाली उतरून पाहू लागली. एके दिवशी तिने स्वतःच पाना ओढला आणि तो तिच्या अंगठ्यावर पडला.

तिचे हात तोंडाकडे निघाले. तिने समोर बसलेल्या पिशवीवाल्याकडे पाहिले. हात मध्येच थांबले, ओठ थरथरले, आणि मग तिने असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरची माणसे जिन्यात आली.

"रड गं माझी बाय, मोठ्यानं रड," म्हणत प्लंबरने तिला उचलून घेतले. ती त्याच्याच खांद्यावर डोके ठेवून रडत राहिली. बाप दारात उभा राहून ऐकत होता. इतका गोड आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

पालकहो, दाराच्या कड्या उंच बसवा, यंत्रांची दारे मिटलेली ठेवा, हे तर कराच. पण संकटात जो मदतीला धावून येणार, त्याला मुलाच्या मनात राक्षस करून ठेवू नका. आणि मूल गप्प झाले की ते शहाणे झाले असे समजून निश्चिंत होऊ नका. ते कशाने गप्प झाले, हे एकदा खाली वाकून पाहा. ती वाफ बाहेरून पुसता येत नाही.